नको म्हटलेल्या कामांची यादी

कोलाडजवळ कुंडलिका नदीचं पाणी सकाळी चढतं. आभाळात ढगाचा ठिपका नसताना, ऐन मार्च-एप्रिलातही चढतं. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे मुळशीच्या तलावात साठलेलं पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथली चक्रं फिरवतं आणि काम उरकलं की कुंडलिकेत सोडलं जातं. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. सोडलेल्या पाण्याला खळाळ असतो, त्यावर राफ्टिंगवाल्यांच्या रबरी होड्या उतरतात. पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे लाइफ जॅकेट घालून ओरडत पुढे जातात. खाली डोलवहाळच्या बंधाऱ्याला तेच पाणी अडतं आणि कालव्यांतून शेतांकडे वळतं.

या पाण्यावर किती जणांचं काम चालतं, असं परिसरातल्या मुलांना विचारून पाहावं. चौथीतल्या मुलाला होडीतला गाइड दिसेल, कारण तो रंगीत हेल्मेट घालून ओरडतो. सातवीतल्या मुलीला कदाचित पाहुण्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बायका आठवतील, होड्या टेम्पोवर चढवणारे आठवतील, कालव्याचं पाणी सोडणारे पाटकरी आठवतील. दहावीतल्या मुलानं त्याहून पुढे जायला हवं. वीजघरात पाळीवर बसून किती वाजता किती पाणी सोडायचं हे ठरवणारा माणूस त्याला सुचायला हवा. मुंबईला विजेची गरज केव्हा वाढते त्यावर आपल्या गावच्या गाइडचा रोज अवलंबून आहे, हा धागा त्याच्या हाती लागायला हवा. शिवाय त्या माणसाच्या खुर्चीपर्यंत जायचं तर आपल्याला काय शिकावं लागेल, हा प्रश्न त्याला आपणहून पडायला हवा.

नदी एकच असली तरी तीन वयांकडून तीन वेगळ्या उत्तरांची अपेक्षा आहे. शाळेतलं करिअर शिक्षण मुलांपर्यंत पोचलं की नाही हे तपासायचं तर या फरकापासून सुरुवात करावी लागते. आपण मात्र तपासणी बहुतेक एकाच वयात करतो आणि प्रश्नही एकच विचारतो: मोठेपणी कोण होणार?

हा प्रश्न फार कमी सांगतो, हे शास्त्राला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. अमेरिकेत डोनाल्ड सुपर या मानसशास्त्रज्ञानं १९५१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या मिडलटाउन गावात नववीतल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. नववीत मुलानं कोणत्या कामाचं नाव घेतलं यावरून पुढचं फारसं कळत नव्हतं, कारण ती नावं बदलत होती. मूल पुढचा विचार करतं का, माहिती शोधायला जातं का, निवड आपल्याला करायची आहे याची त्याला जाणीव आहे का, या गोष्टी जास्त सांगून जात होत्या. सुपरनं याला करिअरची परिपक्वता म्हटलं. वयाचे टप्पेही त्यानं आखले. दहाव्या वर्षापर्यंत कल्पनेचा काळ, अकरा-बारा आवडीचा, तेरा-चौदा आपल्याला काय जमतं याचा अंदाज घेण्याचा, आणि पंधरापासून पुढे चाचपून पाहण्याचा. म्हणजे दहावीचं वय हे चाचपणीच्या आरंभाचं. आपल्याकडे नेमक्या त्याच वर्षी मुलाकडून कायमचा निकाल मागितला जातो.

महाराष्ट्रानं या बाबतीत एक मोठा प्रयोग केला, त्याची नोंद नीट घेतली पाहिजे. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य मंडळानं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. श्यामची आई फाउंडेशन या संस्थेच्या साहाय्यानं झालेली ही चाचणी १५ लाखांहून अधिक मुलांनी दिली. कृषी, वाणिज्य, कला व मानव्यविद्या, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती, आणि मुलाचा ओढा कुठे आहे ते अहवालात यायचं. पुढे ती मोबाइलवर आली, नंतर अभिक्षमता चाचणीचीही जोड मिळाली. २०२० मध्ये शालेय शिक्षण विभागानं युनिसेफच्या मदतीनं नववी ते बारावीसाठी महाकरिअर पोर्टल सुरू केलं.

हे काम मला मोलाचं वाटतं. गणवेशधारी सेवा किंवा ललित कला ही नावं शेती, नोकरी, धंदा या तिहेरी वाटणीपलीकडे सरकारी कागदावर आली आणि खेड्यातल्या प्रत्येक शाळेत पोचली, हे लहान नाही. पण कल म्हणजे काय, हे घरोघरी कुणी उलगडून सांगितलं नाही. कल म्हणजे ओढ. अभिक्षमता म्हणजे शिकवलं तर किती सहज येईल याचा अंदाज. ज्याला गाण्याची ओढ आहे त्याचा गळा तयार होईलच असं नाही, आणि ज्याचा हात यंत्रावर सहज बसतो त्याला यंत्राचा कंटाळाही असू शकतो. तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ओढ वाटायची तर ती वस्तू आधी माहीत असावी लागते. ज्या मुलीनं प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणारी बाई कधी पाहिलीच नाही, तिचा कल तिकडे नाही असं कागद सांगेल. तिथे खरं तर कागदाला काहीच कळलेलं नसतं.

कोलाड ज्या रोहे तालुक्यात आहे तिथे हा प्रश्न अधिकच टोचतो, कारण इथे कामांचा दुष्काळ नाही. कोलाड हे कोकण रेल्वेचं पहिलं स्टेशन. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, त्यापुढे कोकण रेल्वे सुरू. २६ जानेवारी १९९९ पासून इथून भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढून गोव्यातल्या वेर्ण्याला जाऊ लागले. त्यालाच रोरो म्हणतात. धाटावला एमआयडीसी आहे, तिथे रसायनांचे कारखाने आहेत. नागोठण्याला पेट्रोकेमिकल्सचा प्रचंड पसारा आहे. पेण तालुक्यात डोलवीला पोलाद बनतं, आणि हमरापूर-जोह्याला गणपती. मुंबई-गोवा हमरस्ता तर कोलाडच्या मधूनच जातो. एवढं सगळं पंचक्रोशीत असताना शाळेतल्या मुलांच्या तोंडी पोलीस, शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर एवढीच नावं येत असतील, तर दोष त्यांच्या डोळ्यांचा नाही. कारखान्याला भिंत असते, वीजघराला फाटक असतं, आणि आत काय चालतं ते कुणी दाखवलेलं नसतं.

हे एकट्या रोह्याचं दुखणं नाही. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेनं २०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या उत्तरांवरून पंधरा वर्षांच्या मुलांची स्वप्नं तपासली. ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली तिशीत आपण दहा ठरावीक लोकप्रिय पेशांपैकीच एकात असू असं सांगत होत्या. जगात हजारो तऱ्हेची कामं आहेत, आणि निम्म्या मुलांची नजर दहांवर. आपल्या देशात ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०१७ च्या पाहणीत चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलांना विचारलं होतं की, तुम्हाला जे काम करायचं आहे त्यात तुमच्यापुढे आदर्श कोण? जवळजवळ ४० टक्के मुलांना एकही माणूस सांगता आला नाही. ज्या वाटेनं कुणी गेलेलं पाहिलं नाही त्या वाटेचं नाव मुलं घेत होती.

मग तपासायचं काय? माझं उत्तर थोडं उलट्या बाजूनं जातं. मुलाला काय हवं हे विचारण्याआधी त्यानं काय काय सोडून दिलं आहे ते विचारावं. त्यामागे लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९८१ मध्ये मांडलेला विचार आहे. त्यांचं म्हणणं असं की मूल वाढताना कामं निवडत जात नाही, खोडत जातं. तीन ते पाच वर्षांचं मूल माणसांना लहान-मोठे एवढंच ओळखतं. सहा ते आठ या वयात बायकांची कामं आणि पुरुषांची कामं अशी रेघ पडते आणि रेघेपलीकडचं सगळं खोडलं जातं. नऊ ते तेरामध्ये मान-अपमान कळू लागतो. हलकं काम कोणतं, भारी कोणतं, आणि आपल्यासारख्यांना न झेपणारं कोणतं, हे ठरतं. पुन्हा खोडाखोड. स्वतःची आवड, स्वतःचा स्वभाव यांचा विचार चौदाव्या वर्षानंतर येतो, आणि तोवर पाटीवर फार थोडं उरलेलं असतं. कल चाचणी मोजते ते हे उरलेलं.

कोलाडच्या संदर्भात हे लावून पाहिलं की त्याची धार कळते. राफ्टिंगचा गाइड होणं एखादी मुलगी दुसरीतच खोडून टाकते, पोहायला शिकण्याच्याही आधी. रेल्वेचं इंजिन रोज कानावर शिट्टी घालतं, पण ते चालवणं आपल्यासाठी नाही हे तिला कुणी न सांगता कळलेलं असतं. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८८ मध्ये देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या, ही गोष्ट तिला दुसरीत असतानाच ऐकायला मिळाली पाहिजे. दहावीत ऐकून काय उपयोग? तोवर त्या कामावर काट मारून आठ वर्षं झालेली असतात. भातशेती मुलगा पाचवी-सहावीत खोडतो, कारण घरातलेच म्हणतात, शिकला नाहीस तर नांगरच धरशील. पेणजवळच्या मुलाचं तर विशेष आहे. सुट्टीत तो गणपतीच्या कारखान्यात बसतो, साच्यातून मूर्ती काढतो, हात बसला की रंगकाम करतो. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचं मोल किती, हंगामात त्याची वाट कशी पाहिली जाते, हे त्याला पक्कं माहीत असतं. तरी करिअरच्या रकान्यात तो ते लिहीत नाही. त्याच्या लेखी करिअर म्हणजे गावाबाहेर कुठेतरी असलेली वस्तू.

म्हणून तिसरी-चौथीतल्या मुलांसाठी कसोटी साधी हवी. लेखी नकोच. आज शाळेत येताना काम करणारी किती माणसं दिसली, ती काय करत होती? कोणतं काम बाई करू शकत नाही, कोणतं पुरुष करू शकत नाही, आणि कशावरून? वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी हे विचारावं. ओळखीच्या कामांची संख्या वाढली आणि ‘करू शकत नाही’ची यादी आखडली, तर शाळेनं काम केलं. या वयात ‘मला पायलट व्हायचंय’ या वाक्याला गुण देण्याचं काहीच कारण नाही, आणि ते ऐकून टाळ्या वाजवण्याचंही नाही.

सहावी ते आठवी हा माझ्या मते सगळ्यांत मोक्याचा काळ, आणि नेमका हाच रिकामा जातो. चौथी-पाचवीचं कौतुक संपलेलं, दहावीची धास्ती अजून दूर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन काम शिकावं अशी कल्पना आहे. रोहे-पेणच्या शाळांना याहून चांगली संधी कुठली? पण दहा दिवस झाले की नाही, फोटो पाठवले की नाही, एवढंच तपासलं गेलं तर ते दिवस सहलीत जमा होतील. भेटीआधी मुलाकडून लिहून घ्यावं: धाटावच्या कारखान्यात काम करणारा माणूस दिवसभर काय करत असेल? भेटीनंतर तेच पुन्हा लिहून घ्यावं. पहिल्या कागदावर ‘मशीन चालवतो’ असेल. दुसऱ्यावर पाळी किती तासांची, कोणता वास, वहीत दर तासाला कसली नोंद, डोळ्यांना चष्मा का, चूक झाली तर पहिला फोन कुणाला, हे उतरलं असेल तर त्या भेटीचं चीज झालं. दोन कागदांमधला हा फरक कोणत्याही छापील चाचणीपेक्षा विश्वासार्ह माप आहे, आणि त्याला खर्च शून्य.

करून पाहण्यातून कामाची ओळख होते, हे महाराष्ट्राला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सुचवला, आणि मार्गदर्शन प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या वर्गापासून सुरू व्हावं असंही स्पष्ट म्हटलं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला आणि आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बसवला. आठवड्यातला एक दिवस मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, रोपं लावतात, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासतात, आणि गावातल्या लोकांची छोटी-मोठी कामंही करून देतात. तिथे मुलाची परीक्षा आपोआप होते. त्यानं बनवलेला बाक डुगडुगला तर डुगडुगला. आपल्या हाताला काय जमतं हे मुलाला कुणी गुणपत्रिकेवर छापून द्यावं लागत नाही. कार्यानुभवाचं पुढे बहुतेक शाळांत कागदी फुलं आणि श्रेणी असं झालं, याची मला खंत वाटते, कारण कल्पना भक्कम होती.

नववी-दहावीत कसोटी बदलते. आता मुलाला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: मी कसा आहे, ती कामं कशी आहेत, आणि या दोहोंची सांगड मी कशी घालतो. बोस्टनमध्ये १९०८ साली व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढणाऱ्या फ्रँक पार्सन्स यांनी हीच तीन पावलं सांगितली होती आणि ती अजून जुनी झालेली नाहीत. तपासताना उत्तराची बरोबर-चूक पाहू नये, त्यामागचा विचार पाहावा. ‘सायन्स घेणार’ असं सांगणाऱ्या मुलाला विचारावं, का? ‘टक्के चांगले पडतील म्हणून’ हे कारण त्याचं नाही, गावाचं आहे. ‘जर नाही मिळालं तर?’ यावर गप्प बसणारा मुलगा आणि आयटीआयचे दोन ट्रेड, पदविकेची वाट, तिथून लोणेऱ्याच्या तंत्रज्ञान विद्यापीठापर्यंत जाणारा रस्ता सांगणारी मुलगी, यांच्यात परिपक्व कोण हे वेगळं सांगायला नको, मग टक्के कुणाचेही जास्त असोत. माहिती कुठून मिळवली हेही विचारावं. मामाच्या मुलानं सांगितलं, यूट्यूबवर पाहिलं, की प्रत्यक्ष ते काम करणाऱ्या माणसाशी बोलणं झालं? इंग्लंडमध्ये २०१४ पासून चांगल्या करिअर शिक्षणाचे आठ निकष वापरात आहेत. त्यांतला एक असा की अकराव्या वर्षापासून दर वर्षी प्रत्येक मुलाची काम देणाऱ्या माणसांशी एक तरी खरी भेट व्हावी. हा निकष शाळेला लावलेला आहे, मुलाला नाही. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलाला काही सांगता येत नसेल तर नापास शाळा.

परीक्षेवर फाजील भरवसा ठेवू नये यासाठी रोह्याकडेच एक मोठं उदाहरण आहे. चिंतामणराव देशमुखांचं घराणं रोह्याचं. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्या वर्षी कल चाचणी असती तर अहवाल काय आला असता? संस्कृत पंडित. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भ घेतलं आणि वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवलं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर उत्तर शास्त्रज्ञ. त्यानंतर आयसीएस. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नोटांवर त्यांची सही आली, मग देशाचे अर्थमंत्री, मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. संस्कृत शेवटपर्यंत सुटलं नाही, मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. सोळाव्या वर्षीचा कोणताही कागद हे आयुष्य ओळखू शकला नसता. मात्र मन लावून शिकण्याची त्यांची सवय त्या कागदावर दिसली असती, आणि मोजायची तर तीच मोजावी.

चाचणी कुणाला पोचते, हाही तपासणीचाच भाग. रायगडमधली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलं सोबत असतात. कल चाचणी फेब्रुवारीत झाली. त्या महिन्यात ही मुलं कुठे होती? राज्याच्या मुलांचा कल अमुक टक्के वाणिज्याकडे, तमुक टक्के तांत्रिककडे, या आकड्यांत त्यांचं मत नाही. बंगळुरूचे गिडीऑन अरुळमणी यांनी भारतातल्या गरीब घरांतल्या मुलांच्या मनात बसलेल्या समजुतींवर काम केलं आहे. आपल्या हातात काही नाही, शिकण्यात वर्षं घालवण्यापेक्षा आज मिळणारा रोज बरा, असे हे समज. अशा मुलापुढे सात क्षेत्रांची यादी ठेवून उपयोग नाही. आधी निवड नावाची गोष्ट आपल्यालाही लागू आहे हे त्याला वाटतं का, एवढंच पाहावं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहावं.

म्हणून माझी सूचना एका वहीची आहे. तिसरीत सुरू होऊन दहावीपर्यंत मुलासोबत वरच्या वर्गात जाणारी साधी दोनशेपानी वही. डाव्या पानावर पाहिलेली कामं, उजव्या पानावर ‘नको’ म्हटलेली कामं आणि शेजारी कारण. गुण नाहीत, शेरा नाही. दर वर्षी शिक्षकांनी मुलाशेजारी बसून मागची पानं उलटायची आणि विचारायचं, हे अजून नकोच का? दहावीत कुठलीही चाचणी झाली तर तिचा अहवाल याच वहीत चिकटवायचा, म्हणजे घरच्यांना तो सात वर्षांच्या संदर्भात वाचता येईल.

भट्टीवर जाणाऱ्या मुलानं ही वही बरोबर न्यावी. दिवाळीनंतरची त्याची डावी पानं भरायला त्याला शाळेची गरज नाही. मातीत तूस किती मिसळायचं, विटा हवा खेळेल अशा कशा रचायच्या, आच कुठून द्यायची, हजाराचा हिशेब मुकादम कसा मांडतो, हे बारा वर्षांच्या मुलाला तपशीलवार माहीत असतं. जूनमध्ये तो वर्गात परत येईल तेव्हा बाईंनी आधी ती पानं वाचून घ्यावीत, आणि मग उजव्या पानावर त्यानं काय लिहिलंय ते त्यालाच वाचून दाखवायला सांगावं.